बोली जाणणारा स्पीच थेरपिस्ट हवा

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात पाच वर्षांच्या मुलापुढे डोळ्याचं चित्र धरून 'हे काय?' असं विचारलं, तर तो 'डोया' म्हणण्याची शक्यता बरीच आहे. पाण्याला तो 'पानी' म्हणेल आणि 'मला दे' ऐवजी 'मले दे'. तिथली वऱ्हाडी बोली कधी कानावर न पडलेला तपासणारा आपल्या तक्त्यावर नोंदवील: ळ येत नाही, ण येत नाही, प्रत्यय चुकतो. तिन्ही नोंदी चुकीच्या ठरतील, कारण मुलाची आई, आजी आणि वर्गातली कितीतरी पोरं तसंच बोलतात. घरची भाषा मूल नीट शिकलं आहे, एवढंच त्यावरून कळतं. आता दुसरं मूल घ्या. तेही 'डोया' म्हणतं, पण कानाला 'तान' म्हणतं आणि गायीला 'दाय'. क चा त आणि ग चा द, अशी अदलाबदल वऱ्हाडीत नाही. दोन-अडीच वर्षांच्या पोराच्या तोंडी ती गोड वाटते आणि बहुतेकांची चौथ्या वर्षाच्या आत आपोआप जाते. पाचव्या वर्षीही टिकली असेल तर तपासायलाच हवी. पहिल्या मुलाला उपचारांची गरज नाही, दुसऱ्याला आहे. हा फरक कानाला कळायचा तर तपासणाऱ्याला ध्वनिशास्त्र जितकं यावं लागतं, तितकीच वऱ्हाडीही यावी लागते.

बारावी सायन्सच्या विद्यार्थ्यांना स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी हे करिअर सुचवलं जातं तेव्हा मागणी भरपूर, माणसं थोडी आणि परदेशात पगार चांगला, एवढंच सांगितलं जातं. त्यात खोटं काही नाही, पण मूळ गोष्ट राहून जाते. हाडांच्या डॉक्टरला रुग्णाची भाषा आली तर बोलणं सोपं होतं. एक्स-रे मात्र भाषा विचारत नाही. स्पीच थेरपिस्ट ज्याची तपासणी करतो ते बोलणंच असतं आणि ज्याने उपचार करतो तेही बोलणंच असतं. त्यामुळे आर्णी, दिग्रस, दारव्हा, महागाव या पट्ट्यातला जो विद्यार्थी वऱ्हाडी, गोरमाटी किंवा कोलामी घेऊन मोठा झाला आणि शहरात गेल्यावर तीच लपवायला लागतो, त्याच्याकडे या पेशातली अशी एक गोष्ट आहे जी चार वर्षांचा कोणताही अभ्यासक्रम देऊ शकत नाही. या विद्यार्थ्यांनी या क्षेत्राकडे जावं ते रिकाम्या जागा आहेत म्हणून नव्हे. ते काम त्यांच्याइतकं चांगलं दुसऱ्याला जमणार नाही म्हणून जावं, असं माझं म्हणणं आहे.

हे काम नेमकं काय, याबद्दल गैरसमज पुष्कळ. तोतरेपणा घालवणारा माणूस, इतकीच लोकांची कल्पना असते. तोतरेपणा त्यात येतोच. साधारण शंभरातली पाच मुलं लहानपणी कधी ना कधी अडखळतात आणि मोठेपणी शंभरात एखाद्याचं अडखळणं उरतं. पण जन्मतः ऐकू न येणारं बाळ, टाळू फाटलेलं बाळ, स्वमग्न मूल, मेंदूचा पक्षाघात असलेलं मूल, वाचताना अक्षरांत हरवणारा तिसरीतला विद्यार्थी, बोलून बोलून आवाज बसलेले शिक्षक आणि कीर्तनकार, हे सगळे त्याच्याकडेच येतात. लकवा मारल्यावर शब्द हरवलेला माणूस येतो. 1861 साली पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी ज्या रुग्णावरून मेंदूतली बोलण्याची जागा दाखवली, त्याला 'टॅन' या एकाच ध्वनीपलीकडे जवळपास काही बोलता येत नव्हतं, समजत मात्र बरंच होतं. अशा माणसाला घरचे 'बुद्धी गेली' म्हणून बाजूला बसवतात, तेव्हा ती गेलेली नाही हे दाखवून देणं हाही उपचारच असतो. आणि विदर्भात एक वेगळं ओझं आहे ते खर्ऱ्याचं. पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा वर्षानुवर्षं गालात धरला की आधी तोंड उघडेनासं होतं आणि पुढे अनेकांच्या वाट्याला तोंडाचा कॅन्सर येतो. जिभेचा तुकडा काढल्यावर उरलेल्या जिभेने बोलायला आणि गिळायला पुन्हा शिकवणारा माणूस म्हणजे स्पीच थेरपिस्ट. गिळण्याची तपासणी हा या पेशाचा मोठा भाग आहे, हे बारावीच्या मुलांना सहसा कोणी सांगत नाही. लकव्याच्या रुग्णाला घाईने पाजलेला चहा श्वासनलिकेत उतरला तर न्यूमोनिया होतो आणि त्यात जीव जाऊ शकतो.

'कान'ला 'तान' म्हणणाऱ्या त्या मुलाबरोबर खोलीत काय घडतं ते जवळून पाहू. आधी त्याला नीट ऐकू येतं का, हे तपासलं जातं. ही पायरी गाळून पुढे गेलेला थेरपिस्ट कच्चा समजावा. स, श यांसारख्या ध्वनींची शक्ती उंच पट्टीत एकवटलेली असते. तेवढ्याच पट्टीत कमी ऐकू येणारं मूल हाकेला ओ देतं, टीव्ही पाहतं आणि शब्दांतला स मात्र गिळतं, कारण तो त्याला कधी मिळालेलाच नसतो. कान ठीक असतील तर मग दोन ध्वनी शेजारी ठेवून त्यांतला फरक त्याला ऐकू येतो का ते पाहायचं. मग जीभ. त म्हणताना जिभेचा शेंडा वरच्या दातांना टेकतो, क म्हणताना जिभेचा मागचा भाग वर मऊ टाळूकडे उचलला जातो. लाकडी पट्टीने शेंडा हलकेच खाली दाबून धरला आणि त म्हणायला सांगितलं की पुष्कळदा जीभ नाइलाजाने मागून उचलली जाते आणि क निघतो. कधी गुळणी करायला लावून घशाजवळची ती जागा मुलाला ओळखीची करून द्यावी लागते. मग का, की, कू; मग काका, कान, काडी; मग वाक्य; मग खेळता खेळता गप्पा. खोलीत आलेला क घरच्या ओट्यावर टिकला तरच उपचार झाला असं म्हणायचं. त्याला काही आठवडे लागतात, कधी महिने, आणि रोज घरी थोडा वेळ सराव लागतो.

रोजचा हा सराव करून घेणार कोण? आर्णीहून यवतमाळ चाळीसेक किलोमीटर आहे, नागपूर त्याहून कितीतरी दूर. कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन काढणीच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा मुलाला घेऊन जायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडवायची. दोन-तीन फेऱ्यांनंतर येणं थांबतं आणि कागदावर 'पालक सहकार्य करत नाहीत' असा शेरा पडतो. खेड्यातली थेरपी टिकायची असेल तर ती आई-वडिलांच्या, आजीच्या हातूनच व्हायला हवी. ही केवळ गरिबाघरची तडजोड नाही. मेगन रॉबर्ट्स आणि ॲन कैसर यांनी 2011 मध्ये 18 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पालकांना शिकवून त्यांच्याकरवी केलेल्या भाषा-उपचाराने मुलांच्या भाषेत चांगली भर पडते असं दिसलं. पण पालकाला शिकवायचं म्हणजे त्याच्या भाषेत, त्याच्या घरातल्या वस्तूंवर, त्याच्या दिवसाच्या धबडग्यात बसेल असं शिकवायचं. 'फ्लॅश कार्ड दाखवा' असं सांगणारा थेरपिस्ट आणि 'भाकर थापताना त्याला पीठ माग म्हणा, तो मागेस्तोवर देऊ नका' असं सांगणारा थेरपिस्ट, यांतला दुसराच त्या घरात उपयोगाला येतो.

आर्णीच्या परिसरात हा प्रश्न वऱ्हाडीपुरता राहत नाही. इथे बंजारा तांडे आहेत, त्यांची गोरमाटी राजस्थानीच्या जवळची आणि तिला स्वतःची लिपी नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या कोलाम पोडांवर बोलली जाणारी कोलामी तर द्राविडी कुळातली. मराठीशी तिचं घराणंच जुळत नाही. शिवाय उर्दू आणि गोंडी आहेतच. अशा घरातलं मूल उशिरा बोलायला लागलं की बरेचदा सल्ला मिळतो: घरची भाषा बंद करा, फक्त मराठी बोला, जमलं तर इंग्रजी. हा सल्ला ऐकायला व्यवहारी वाटतो, पण पुरावा त्याच्या बाजूने नाही. कॅनडातल्या संशोधकांनी 2005 मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरी दोन भाषा असलेली मुलं एकच भाषा असलेल्या तशाच मुलांपेक्षा इंग्रजीत मागे पडलेली आढळली नाहीत. त्यानंतर स्वमग्न मुलांबद्दलही असेच निष्कर्ष आले आहेत. उलट गोरमाटी बंद केली की ज्या आईला तोडकीमोडकी मराठी येते, तिचं मुलाशी बोलणंच आटतं, आणि बोलणं कमी झालेल्या घरात भाषा वाढायची कशी? म्हाताऱ्या माणसांबाबत तर घोटाळा याहून मोठा होतो. लकव्यानंतर दोन भाषा सारख्याच जातील असं नाही. 1895 मध्ये फ्रेंच डॉक्टर आल्बेर पित्र यांनी नोंदवलं होतं की रोजच्या वापरातली, ओळखीची भाषा आधी परतताना दिसते. बाजारात मराठी आणि तांड्यावर गोरमाटी बोलणाऱ्या आजोबांची तपासणी फक्त मराठीत झाली, तर त्यांच्याजवळ उरलेली अर्धी वाचा कागदावर येणारच नाही.

आकडे काय सांगतात हेही पाहायला हवं, आणि जरा संशयाने पाहायला हवं. 2011 च्या जनगणनेत देशभरात बोलण्याचं अपंगत्व असलेली सुमारे 20 लाख माणसं नोंदली गेली आणि त्यांतली पावणेपाच लाखांच्या आसपास एकट्या महाराष्ट्रात. देशाच्या लोकसंख्येत आपला वाटा दहा टक्क्यांहून कमी, आणि या नोंदीत जवळपास एक चतुर्थांश. मराठी माणसाची वाचा इतकी दुबळी आहे यावर माझा विश्वास बसत नाही. प्रश्न कसा विचारला, प्रगणकाने काय ऐकलं, उशिरा बोलणं, अडखळणं, बहिरेपणा यांतलं काय कोणत्या रकान्यात घातलं, यावर असे आकडे हलतात. वाचादोष आहे की नाही हे जाणत्या कानाने ठरवायचं असतं, हेच या विचित्र आकड्यातून दिसतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारांत वाचा आणि भाषा दिव्यांगत्व वेगळं मांडलं, त्यात स्वरयंत्र काढलेले आणि मेंदूच्या इजेने भाषा गेलेले लोकही घेतले. म्हणजे प्रमाणपत्रापासून शाळेतल्या सवलतींपर्यंत सगळीकडे तपासणीचा अहवाल लागतो. तो अहवाल 'डोया'वर आधारलेला असेल तर मुलाला नको ते लेबल चिकटतं, आणि 'तान'कडे दुर्लक्ष झालं असेल तर मिळायचा उपचार राहून जातो.

या युक्तिवादावर सर्वांत जोरकस आक्षेप असा की बोली जाणणारा माणूस बोलीच्या आडोशाला चूक लपवील. 'आमच्याकडं असंच बोलतात', 'त्याचा बापही उशिराच बोलला होता' ही वाक्यं गावात रोज ऐकू येतात आणि त्यांनी मुलांची फार हानी केली आहे. आक्षेप खरा आहे. क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलोरॅडोतल्या मुलांवरचा 1998 चा प्रसिद्ध अभ्यास केला, त्यात ज्यांचा बहिरेपणा सहा महिन्यांच्या आत ओळखला गेला त्यांची भाषा उशिरा ओळखल्या गेलेल्यांपेक्षा ठळकपणे पुढे होती. बाप उशिरा बोलला म्हणून वाट पाहणाऱ्या घरात नेमका हाच काळ हातचा जातो. म्हणून नुसती बोली पुरत नाही. ध्वनिलेखन, श्रवणमापन, भाषाविज्ञान, मेंदूची रचना हे सगळं कसून शिकलेला बोलीचा माणूस हवा; त्याला 'आपलं बोलणं' आणि 'दोष' यांतली रेघ दोन्ही बाजूंनी दिसते. दुसरा आक्षेप, प्रत्येक भाषेला एकेक थेरपिस्ट कुठून आणायचा? आणता येणार नाहीच. कोलामी येणारा थेरपिस्ट मिळेपर्यंत दुभाष्यावर, आशाताईंवर, घरच्या माणसांवर भागवावंच लागेल. पण लाखो लोक बोलत असलेल्या वऱ्हाडी आणि गोरमाटीसाठीही दुभाष्याच शोधावा लागत असेल, तर ते आपल्या शिक्षणव्यवस्थेचं अपयश म्हणावं लागेल.

तिसरा आक्षेप पालकांचा, आणि तो पोटाचा आहे: शिकून गावाकडे आला तर खाईल काय? इथे रंगवून सांगण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्यात अंगणवाडी आणि शाळांतल्या मुलांची तपासणी करून विकासात मागे असलेल्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायची सोय आहे आणि त्या केंद्रात ऑडिओलॉजिस्ट व स्पीच थेरपिस्टचं पदही आहे. पण अशा योजनांतली पदं बहुधा कंत्राटी असतात, मानधन बेताचं असतं आणि दर वर्षीच्या नूतनीकरणाची टांगती तलवार असते. तालुक्याच्या गावी नुसत्या दवाखान्यावर पहिली दोन-तीन वर्षं ओढगस्तीचीच जातात. बहुतेकांना जमतो तो मार्ग मिश्र आहे: जिल्ह्याच्या गावी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे किंवा रुग्णालयात काही दिवस, तालुक्याच्या बाजारच्या दिवशी स्वतःचं केंद्र, श्रवणयंत्रांचं काम आणि मधल्या दिवसांत मोबाइलवरून पालकांचा पाठपुरावा. कोविडनंतर दूरस्थ थेरपी रुळली आहे; आणि आजीशी फोनवर गोरमाटीत बोलू शकणाऱ्या थेरपिस्टला पुसद, मानोऱ्यापासून पुण्यात स्थायिक झालेल्या कुटुंबांपर्यंत रुग्ण मिळतात. परदेशाचं आकर्षण असेल त्याने जरूर जावं, मात्र एक हिशेब करून जावं. अमेरिकेत तो आपल्या दुसऱ्या-तिसऱ्या भाषेत, ती जन्मापासून बोलणाऱ्यांच्या मुलांना बोलायला शिकवणार आहे. आणि मोबाइलवरची ॲप थेरपिस्टची जागा घेतील ही भीती इंग्रजीपुरती रास्त असेलही. पण 'डोया' बरोबर आणि 'तान' चूक हे ओळखायला जे ध्वनिमुद्रण लागतं ते वऱ्हाडी बालकांचं जमा करणारं आधी कोणीतरी हवं.

आता वाटेबद्दल थोडक्यात. अभ्यासक्रमाचं नाव बीएएसएलपी, म्हणजे बॅचलर ऑफ ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी. तो चार वर्षांचा असतो, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. पुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, तिथे कान किंवा वाचा अशी निवड करता येते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत प्रवेश नीटच्या गुणांवर, राज्याच्या सीईटी सेलमार्फत होतो. डॉक्टरकीला लागतात तितके गुण सहसा लागत नाहीत, पण नीट द्यावी लागते, आणि हे न कळल्यामुळे कितीतरी मुलांचं वर्ष जातं. मुंबईत नायर रुग्णालयाच्या महाविद्यालयातला हा अभ्यासक्रम साठच्या दशकापासूनचा, देशातल्या सर्वांत जुन्यांपैकी. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 ची, पुण्यात भारती विद्यापीठाचं महाविद्यालय आहे आणि राज्याबाहेर 1965 पासूनची म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था हे या क्षेत्राचं माहेरघर मानलं जातं. ज्या महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता नाही तिथे पाय ठेवू नये. परिषदेच्या 1992 च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय व्यवसाय करणं हा एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे. एक वर्षाचा हिअरिंग, लँग्वेज अँड स्पीच डिप्लोमा हा सहायकाचा अभ्यासक्रम आहे. तो करून कोणी स्वतंत्र तज्ज्ञ म्हणून पाटी लावत असेल तर त्याच्या वाटेने जाऊ नये. पुस्तकं इंग्रजीत असतात आणि मराठी माध्यमातल्या मुलांना पहिलं वर्ष जड जातं, मुख्यतः ध्वनीचं भौतिकशास्त्र आणि शरीररचना यांत. तेवढं निभावलं की पुढे प्रात्यक्षिकं सुरू होतात आणि समोर बसलेला रुग्ण इंग्रजी बोलत नसतो. शुल्काच्या बाबतीत मागास आणि विमुक्त प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्ती व प्रतिपूर्ती योजना आहेत. बंजारा विद्यार्थी विमुक्त जाती (अ) मध्ये येतात, तेव्हा जात वैधतेचे कागद बारावीतच तयार ठेवावेत.

अकरावीत असलेल्याने दोन कामं आजच सुरू करावीत. भौतिकशास्त्रातलं तरंग आणि ध्वनीचं प्रकरण नुसतं परीक्षेपुरतं न वाचता समजून घ्यावं, कारण पुढची चार वर्षं त्यावर उभी आहेत. आणि मोबाइलवर घरच्या, ओळखीच्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं बोलणं, त्यांच्या आई-वडिलांना विचारून, ध्वनिमुद्रित करून ठेवावं: कोणत्या वयाचं मूल कोणता शब्द कसा म्हणतं, वऱ्हाडीत, गोरमाटीत, देवनागरीत लिहून. अभ्यासक्रमात ध्वनिलेखन शिकल्यावर हीच वही पुन्हा काढावी. या बोलींतल्या मुलांचे उच्चार वयानुसार कसे घडत जातात याची तयार कोष्टकं पाठ्यपुस्तकांत सापडत नाहीत; ती आर्णी-दिग्रसच्या विद्यार्थ्यांनाच तयार करावी लागतील.